डाव्या सीटवरची झूरा

वीज आठ वाजता गेली. आमच्या डोंगरातल्या कोचकोर गावात हिवाळ्यात ती जातेच, त्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही. मी भिंतीवरचा रस्त्याच्या खुणांचा तक्ता गुंडाळून ठेवला, चुलीत दोन गोवऱ्या सारल्या आणि मेणबत्ती लावली. माझ्याकडे गाडी शिकायला येणारी चार माणसं होती. त्यांना घरी जा म्हटलं तर कुणी उठेना. बाहेर उणे चोवीस होतं आणि आत चहा होता.

नाझिक दवाखान्यात नर्स आहे, जिभेची तिखट. ती म्हणाली, तक्ता गेला ते बरंच झालं, तिला त्याचा काही उपयोग नाही. तिचं लायसन्स भावाने उन्हाळ्यातच एका मधल्या माणसाला मेंढा देऊन आणून ठेवलंय. तिला फक्त गाडी मागे घेऊन, भिंतीला न ठोकता लावायला शिकायचंय. बेकतूर पावाच्या भट्टीवर काम करतो, तो म्हणाला, आता अजून एक बकरा दे, म्हणजे गाडी आपोआप लागेल. सगळे हसले.

मी नाझिकला विचारलं, पुढचा ट्रक रेंगाळत असला तर तू काय करतेस?

"डावीकडे मामेबहीण असते ना माझी," ती म्हणाली. "तिला विचारते, काढू का? ती म्हणाली काढ, की मी गाडी काढते. घारीची नजर आहे तिची, एजे." एजे म्हणजे थोरली ताई, मला गावात सगळे तेच म्हणतात.

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

कोचकोरमध्ये गाडी चालवणारं प्रत्येक माणूस हेच करतं, म्हणून मी तिच्यावर ओरडले नाही. आमच्याकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. आणि गाड्या येतात जपानच्या, वापरून टाकलेल्या, त्यांचं स्टिअरिंगही उजवीकडे. म्हणजे चालवणारा बसतो कडेच्या मातीशेजारी, आणि रस्त्याच्या मधल्या बाजूला बसतं शेजारचं माणूस. पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला दिसते ती ट्रकची मागची फळी. समोरून काय येतंय ते दिसतं शेजारच्याला. म्हणून बायको, आई, मेव्हणी, जे कोण डावीकडे बसलं असेल त्याला विचारायचं. काढू का? आणि ते सांगेल तसं करायचं. बिचाऱ्या त्या माणसाला कुणी काही शिकवलेलं नसतं. समोरची गाडी किती लांब आहे, किती वेगाने येतेय, त्याला काय कळणार? आणि चुकलंच तर ठोकर बसते ती डावीकडून. म्हणजे त्यालाच.

मी त्यांना म्हटलं, वीज येईपर्यंत एक सांगते. ऐकून तुम्हाला वाटेल, म्हातारी घाबरवतेय. हो, घाबरवतेय. पण यातला एकही शब्द माझा नाही. ज्या दोघांवर हे गुदरलं त्या दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

माझ्या घरापासून तिसरं घर कुबातचं. कोचकोर ते नारिन, माणसं भरून टॅक्सी चालवायचा. त्याचंही लायसन्स मेंढ्याचंच. तो एका लग्नात पाहुण्यांत बसला होता तेव्हा ते घरी आलं, परीक्षेला तो गेलाच नाही. हात चांगला होता त्याचा, हे मी मान्य करते. बर्फात गाडी घसरली तर सावरायचा. पण हात चांगला असणं म्हणजे गाडी चालवता येणं नव्हे, हे मी त्याला त्याच्या दारात उभं राहून सांगितलं होतं. तो हसला. म्हणाला, "एजे, माझ्याकडे झूरा आहे."

झूरा त्याची बायको. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, गालिचे शिवायची आणि ते विकायला नारिनच्या बाजारात जायची, त्याच्याच गाडीतून, डाव्या सीटवर बसून. पंधरा वर्षं ती त्याचे डोळे होती. काढू का? काढ. काढू का? थांब. एवढंच बोलणं. मागे बसलेली माणसं चेष्टा करायची, की या दोघांचा संसार दोन शब्दांत चाललाय.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत डोलोन घाटाच्या चढावर, कोळशाच्या एका ट्रकच्या मागून कुबातने गाडी काढली आणि समोरून गाडी आली. त्याने उजवीकडे दाबायचा प्रयत्न केला. ठोकर डावीकडून बसली. झूरा जागच्या जागी गेली. समोरच्या गाडीत शाळेत गाणं शिकवणारा एक तरुण मास्तर होता, त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. कुबातला खरचटलंसुद्धा नाही.

पोलिसाने विचारलं, समोरून गाडी येत होती तरी काढलीस कशी? कुबात म्हणाला, बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, काढ.

गावभर तेच झालं. झूरा म्हणाली काढ. बिचारीने स्वतःच्या तोंडाने स्वतःचा जीव घालवला.

तिची आई कानिशाय, तिकडे नारिनच्या पलीकडे, आत-बाशीला राहते. तेव्हा बहात्तर वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू. कुबातच्या अंगणात नमद्याचा तंबू उभारला होता, आत झूराला ठेवलं होतं, बायका गळा काढून गात होत्या. न्यायच्या आधी वडीलधाऱ्याने बाहेर जमलेल्यांना विचारलं, हिचं काही चुकलं असेल तर माफ करता ना? आमच्याकडे विचारतातच. लोक म्हणाले, केलं. तेवढ्यात कानिशाय तंबूतून बाहेर आली. बायका येत नाहीत तिथे, पण ती आली. जावयासमोर उभी राहिली, दोन्ही हात पोटाशी धरून वाकली. सासू जावयासमोर वाकली. म्हणाली, माझ्या मुलीच्या शब्दाने तुझं घर बुडालं. तिला माफ कर.

आमच्याकडे सुतकात पुरुष काठी टेकून उभे राहतात, तसा कुबात काठीवर रेलून उभा होता. मी तिथेच होते. त्याचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग तो म्हणाला, "केलं, आपा." सासूला तो आपाच म्हणायचा, आईला म्हणतात तसं.

त्यानंतर कानिशायने आपली एकुलती गाय दावं धरून त्या मास्तराच्या घरी पोचवली. माझ्या मुलीची चूक आहे, म्हणाली, पाय देता येत नाही, दूध तरी प्या.

आणि मी काय केलं? हेही सांगते, लपवणार नाही. मी त्या वर्षी जितक्या जणांना शिकवलं तितक्यांना झूराचं नाव घेऊन शिकवलं. ज्याला समज नाही त्याला विचाराल तर झूरासारखं होईल, असं. तक्त्यासमोर उभी राहून, काठी आपटून. वर्षभर.

नाझिक म्हणाली, "खरंच तर आहे ते, एजे."

मी म्हटलं, गप बस आणि ऐक.

वर्ष भरत आलं. वर्षाचं जेवण शुक्रवारी ठरलं. जानेवारीतला दुसरा आठवडा. त्यासाठी कानिशायला आणायला कुबात गुरुवारी आत-बाशीला गेला. दुसरी गाडी घेतली होती त्याने, तीही जपानची, पांढरी. दुपारी पोचला. उजेड आहे तोवर डोलोन ओलांडू, म्हणत होता. पण म्हातारी निघेना. गुरुवार होता. गुरुवारी संध्याकाळी गेलेल्यांसाठी तेल तापवून बोरसोक तळायचे असतात, त्या वासावर ते घरी येतात. आज वर्षाचा गुरुवार, आज ती येईल आणि घराला कुलूप दिसेल, असं कसं चालेल? कुबात बसून राहिला. तिने कणकेचे तुकडे तळले, कुराणातलं येत होतं तेवढं म्हटलं, हात तोंडावरून फिरवले. मग बोरसोकांची पिशवी आणि मेंढीच्या धुतलेल्या जठरात भरलेलं लोणी घेऊन ती बाहेर आली. सात वाजून गेले होते.

वडीलधाऱ्याला पुढे बसवायचं म्हणून कुबातने डावं दार उघडलं. म्हातारीने त्या सीटकडे पाहिलं.

"ही तिची जागा," ती म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

वाटेत बोलणं फारसं झालं नाही. म्हातारीने दोनदा विचारलं, मास्तर आता लाकडी पायावर चालतो का. कुबात म्हणाला, चालतो. गाय दूध देते का. देते, आपा.

नारिन मागे पडलं तेव्हा पावणेनऊ झाले होते. डोलोनचा चढ लागला तेव्हा दहाला दहा कमी. गाडीतल्या घड्याळात त्याने पाहिलं होतं. बर्फ भुरभुरत होतं. आणि पुढे कोळशाचा ट्रक. मागचा एकच लाल दिवा चालू. माणसाच्या चालीने चढत होता.

कुबात त्याच्या जवळ गेला. ही मेंढ्याच्या लायसन्सवाल्यांची खोड. मागे राहिलं तर वळणावर स्वतःच्या डोळ्यांनी बरंच दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तो इतका जवळ गेला की ट्रकच्या फळीशिवाय समोर काही उरलं नाही. दहा मिनिटं तसाच चढला. मग पंधरा वर्षांची सवय… तोंडातून गेलं.

"काढू का?"

मागून म्हातारी म्हणाली, "मला विचारू नकोस, लेकरा. मला दिसत नाही. आणि दिसलं असतं तरी सांगितलं नसतं. आमच्या घराने एकदा सांगितलंय, तेवढं पुरे."

 रस्ता सुनसान होता, इतक्या रात्री कोण येणार? त्याने स्टिअरिंग डावीकडे घ्यायला सुरुवात केली.

"थांब."

हळू आवाजात. दमलेल्या माणसासारखं.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याच क्षणी समोरून एक मोठा ट्रक आला आणि धाडधाड करत खाली गेला. गाडी हलली. काचेवर बर्फाचा सपकारा बसला.

 तो म्हणाला, "बरं झालं बोललात, आपा."

"मी कुठे बोलले?"

त्याने आरशात पाहिलं. म्हातारी ताठ बसली होती. पिशवी छातीशी धरून. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पुढच्या डाव्या सीटकडे बघत होती.

कुबातने तिकडे मान वळवली नाही. मला सांगताना तो म्हणाला, "एजे, मान वळली असती. मी वळवली नाही."

गाडी चढत राहिली. लाल दिवा पुढे. वळण. पुन्हा वळण. आता त्याने काही विचारलं नव्हतं. ओठ मिटलेले होते. पुढे जरा सरळ रस्ता आला, ट्रक कडेला सरकला, वाट दिल्यासारखा. कुबातच्या मनात आलं फक्त. मनात.

"थांब."

तो थांबला. वळणामागून दोन दिवे आले. आणि गेले.

नंतर शांत. फक्त इंजिन.

मागून म्हातारीचा आवाज आला. अगदी हळू.

"कोण बोललं?"

"कुणी नाही, आपा."

"माझ्या मुलीचा आवाज मला कळत नाही?"

कुबातची नजर लाल दिव्यावर.

म्हातारी पुढे सरकली. तिचा हात डाव्या सीटच्या पाठीवर आला. सुरकुतलेला, तळणाचा वास येणारा. तो हात त्याला कडेने दिसत होता.  सीटच्या पाठीवरून तो खाली उतरत गेला… आणि एका जागी अडला. खांदा असतो तिथे.

ती घाबरली नाही. आई कशी घाबरेल? ती विचारू लागली. रागाने नाही. पोराला ताप आल्यावर विचारतात तसं.

"झूरा. आज सांगितलंस. दोनदा सांगितलंस." थोडं थांबून. "मग त्या दिवशी का नाही सांगितलंस गं?"

उत्तर नाही.

"त्या दिवशी हा शब्द कुठे गेला होता? हा एवढासा शब्द. मी वर्षभर मान खाली घालून फिरतेय, बाळ. विहिरीवर बायका गप्प होतात मी गेले की. त्या मास्तराच्या आईसमोर मी गुडघे टेकले. मला एवढं सांग. का म्हणालीस काढ?"

उत्तर नाही.

गाडी चढत होती. कुबात वाट बघत होता. आता ती सांगेल. आता. तिला कोण अडवणार होतं? दोन शब्द बोलली असती तर सुटली असती. तो स्टिअरिंग धरून वाट बघत राहिला आणि डावीकडून काहीच आलं नाही. श्वाससुद्धा नाही. ती जिवंतपणी अशीच होती. चारचौघांत नवऱ्याची बाजू कधी खाली पडू दिली नाही तिने.

"तिने सांगितलं असतं ना एजे, तर मी म्हटलं असतं भूत आहे, भास आहे, झोप आली होती," तो मला म्हणाला. "पण ती गप्प राहिली. म्हणून मला कळलं की तीच आहे."

घाटाच्या माथ्यावर त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दिवे बंद केले. कोळशाचा ट्रक पलीकडे उतरून गेला, त्याचा लाल ठिपका बराच वेळ दिसत होता. मग तोही गेला. काळोख.

"आपा."

"हं."

"ती म्हणाली होती."

"काय?"

"थांब म्हणाली होती. मी विचारलं, काढू का, ती म्हणाली थांब. परत विचारलं, परत म्हणाली थांब. मी वैतागलो. तिसऱ्यांदा विचारलंच नाही. मी विचारलं नाही तरी ती म्हणाली…"



 वारा गाडीला घासून जात होता. किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता आलं नाही.

"मी तुझ्याकडे तिची माफी मागितली," कानिशाय म्हणाली.

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो, आपा."

"आणि तू केलीस."

"…हो."

मागचं दार उघडलं. कुबातला वाटलं, म्हातारी चालत जाणार. एवढ्या थंडीत, डोलोनच्या माथ्यावरून. त्याला वाटलं आपण उतरावं, तिला धरावं. पण पाय उचलले नाहीत. तिची पावलं गाडीला वळसा घालून आली. बर्फात करकर… करकर… डावं दार उघडलं. थंडी आत आली. म्हातारी दारात वाकून उभी होती. त्याच्याकडे तिने पाहिलंच नाही.

"सरक जरा, बाळ," ती म्हणाली.

आणि बसली. अर्ध्या सीटवर. एवढी लहानखुरी बाई, पूर्ण सीट तिला मोठी पडली असती. पण ती दाराला चिकटून अर्ध्या सीटवर बसली. उरलेली अर्धी रिकामी. कोचकोरपर्यंत, तासापेक्षा जास्त वेळ, ती तशीच बसली. गचके बसले तरी त्या रिकाम्या अर्ध्यावर ती कलली नाही.

उतारावर तो ट्रक पुन्हा गाठला. कुबात त्याच्या मागे राहिला. शंभर पावलं मागे. एकदाही बाहेर डोकावला नाही. 

इथे मी थांबले, कारण मेणबत्तीची वात कापायची होती. बेकतूरने हळूच विचारलं, मग त्याने लोकांना सांगितलं का. मी म्हटलं, दुसऱ्याच दिवशी. लोक जेवायला बसले होते, मांस वाढलं होतं, कुणी अजून हात लावला नव्हता. कुबात वडीलधाऱ्यांसमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला की गेल्या वर्षी मी झूराला माफ केलं, ते शब्द मी परत घेतो, माफी मला मागायची आहे. मग सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. झूराचा थोरला भाऊ उठला. त्याने ताटाला हात न लावता कोट घातला आणि निघून गेला. त्याच्यामागे तिकडची सगळी माणसं. न जेवता. वर्षाच्या जेवणातून माणसं न जेवता गेलेली मी माझ्या आयुष्यात तेव्हा एकदाच पाहिली.

मीही जेवले नाही. माझ्या घशाखाली काय उतरणार होतं? मी वर्षभर काठी आपटून ज्या बाईचं नाव घेतलं, ती तीनदा थांब म्हणाली होती. मी ज्या ज्या पोराला ते शिकवलं होतं, त्याच्या घरी गेले मी नंतर, एकेकाच्या. माझं चुकलं म्हणाले. पण वाऱ्यावर गेलेला शब्द गोळा होतो का? अजूनही बाजारात कुणीतरी बोलतं.

कुबात स्वतः पोलिसांकडे गेला. आता त्याला गाडी चालवायला बंदी आहे. वसंतात तो माझ्या दारात आला, वही घेऊन. मला म्हणाला, चालवायचं नाही एजे, मला नुसतं शिकायचंय. मी त्याला शिव्या दिल्या, मला येतात तेवढ्या सगळ्या. मग आत घेतलं. ट्रकच्या किती मागे राहायचं, वळणावर कुठून दिसतं, दिसत नसेल तर काय करायचं. दिसत नसेल तर काही करायचं नाही, मागे राहायचं, एवढंच. पाच मिनिटांची गोष्ट आहे ही. त्याने ती वहीत लिहून घेतली आणि वही मिटून रडला. पंधरा वर्षांत कुणी ही पाच मिनिटं त्याला दिली नव्हती, आणि त्याने मागितली नव्हती.

मास्तराच्या घरच्यांनी गाय परत आणली. कानिशायने दावं हातात घेतलं नाही. पाय तर गेलाच ना त्याचा, म्हणाली. जावयाशी ती आजतागायत बोललेली नाही. मला मात्र तिने सगळं सांगितलं, एकदाच, चूल विझेपर्यंत.

नाझिक खाली बघत होती. म्हणाली, "एजे, भास असेल तो. दोघंही दुःखात होते. तळणाचा वास, अंधार…"

असेल. मी तिला नाही म्हटलं नाही. भास दोघांना एकदम होतो का, ते तू नर्स आहेस, तुला माहीत. माझ्यापुरतं मी फक्त एवढंच सांगेन, जे मी स्वतः पाहिलं.

त्या शुक्रवारी सकाळी सहाला, अजून अंधारच होता, कुबातने माझं दार ठोठावलं. जेवणासाठी मोठी कढई आणायची होती आणि गाडी सुरू होत नव्हती, थंडीने बॅटरी उतरली होती. आदल्या रात्रीचं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून वाटलं, वर्षाचा दिवस आहे, झोपला नसेल. मी वायर आणि टॉर्च घेऊन गेले. गाडी रात्रभर अंगणात उभी होती. रात्री बारापासून. उणे सत्तावीस होतं. दारं कुलूपबंद, म्हातारी घरात झोपलेली.

मी टॉर्च मारला. सगळ्या काचा आतून गोठल्या होत्या. पांढऱ्याफेक. बाहेर बघायला माणूस गोठलेल्या काचेवर तोंड नेऊन श्वास सोडतं, तेवढा गोल वितळतो, तसे गोल असतात ना? पुढच्या डाव्या काचेवर तसे दोन होते.

एक खाली. कानिशाय बसली की तिचं तोंड येतं तिथे.

दुसरा वीतभर वर.

मी टॉर्च जवळ नेला. खालचा गोल रात्रीत पुन्हा गोठून गेला होता, त्याची नुसती कड उरली होती. कुबात माझ्या मागे उभा होता. 

वरचा… अजून ओला होता.